लाली शेकुवेचा खोटा मासा

केनियाच्या किनाऱ्यावर मकुंगुनीच्या मासेमारी क्लबात एका भिंतीवर बड्या माशांचे फोटो लावलेत. प्रत्येक फोटोत शेपटीने टांगलेला, भाल्यासारख्या चोचीचा मार्लिन मासा, शेजारी घामाघूम झालेला गोरा पाहुणा, आणि पाटीवर खडूने लिहिलेलं पाहुण्याचं नाव, माशाचं वजन, लाँचचं नाव, तारीख. त्यातल्या एकेचाळीस फोटोंत लाली शेकुवे आहे. कुठे माशाचा पर धरून उभा, कुठे नुसता खांदा आणि टोपी, एका फोटोत तर फक्त हात. पाटीवर मात्र तो एकदाही नाही. अहो, लाँचचंसुद्धा नाव लिहितात! लाकडाला नाव आहे, इंजिनाला नाव आहे, माणसाला नाही. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि लालीला ते सलत होतं. वरवर म्हणायचा, "आपल्याला काय करायचंय नाव, मासा मिळाला की झालं." पण क्लबातून बर्फ आणायला गेला की त्या भिंतीपुढे त्याची पावलं रेंगाळायचीच.

लाली मूळचा उत्तरेकडच्या न्दाऊ बेटावरचा, बजुनी जमातीचा. बाप हातदोऱ्याने मासेमारी करायचा, आजाही तेच. त्या बेटांवर एक रीत आहे. होडीत कुणाचाही दोरा पळायला लागला आणि धरणाऱ्याचा हात सुटला, तर शेजारच्याने हात घालायचाच. मग तो जन्माचा वैरी का असेना. पळता दोरा बघत जो हात बांधून बसला, त्याच्या घरात कुणी मुलगी देत नाही. लाली लहान असताना एकदा चुलत्याचा दोरा पळाला आणि हा फिदीफिदी हसत बसला. बापाने भर समुद्रात अशी कानाखाली वाजवली की टोपी पाण्यात गेली. पुन्हा ती चूक त्याने केली नाही. पुढे पुढे तर दोरा सुटल्याचा आवाज आला की डोक्याला कळायच्या आत त्याचा हात पोचलेला असायचा.

आणि असा माणूस पोटासाठी कुठे आला, तर शौकाने मासे धरणाऱ्या साहेबांच्या क्लबात! इथला नियम नेमका उलटा. मासा लागला की पाहुण्याखेरीज कुणी काठीला, चक्रीला, दोऱ्याला बोट लावायचं नाही. अगदी शेवटी मासा लाँचला भिडला की मगच दोऱ्यापुढची तार खलाशाने धरायची. त्याआधी परक्या हाताचा स्पर्श झाला, तर मासा डोंगराएवढा असला तरी विक्रमात जमा नाही. पहिल्याच वर्षी लालीने दोनदा हात घातला आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. मग त्याने स्वतःच एक युक्ती काढली. मासा लागला की दोन्ही हात कमरेच्या किकोईत खोचायचे आणि पाहुण्याच्या मागे उभं राहायचं. बाकीचे खलाशी म्हणायचे, लाली बघा नमाजाला उभा राहिला. हसू देत. पुढची पंचवीस वर्षं त्या लुंगीतले हात दोऱ्याकडे गेले नाहीत.

पण हे हात दुसऱ्या कामात फार मोठे होते. लाली खोटे मासे करायचा. लाँचच्या मागे पाण्यात ओढायचे, मार्लिनला भुलवायचे ते. क्लबात परदेशातून आलेले खोटे मासे रंगीबेरंगी डब्यांत असत. लालीचे दिसायला गावठी. म्बांबाकोफी लाकडाचं वीतभर डोकं, पोटात ओतलेलं शिसं, सदऱ्याच्या शिंपल्याच्या गुंडीचे डोळे आणि मागे सायकलच्या ट्यूबच्या कातरलेल्या पट्ट्यांचा घोळ. सगळी करामत तोंडाच्या कापात. काप जरा उभा झाला तर मासा मुकाट्याने पाण्याखालून सरपटतो. जरा जास्त तिरपा झाला तर वेड्यासारखा उड्या मारतो. नेमका कापला की तो वर येऊन श्वास घेतो, खाली जातो, आणि मागे बुडबुड्यांचा लांबच लांब पट्टा सोडतो. हा नेमका काप लालीच्या सुरीला ठाऊक होता. एक डोकं व्हायला त्याला पंधरवडा लागे. कापायचा, पाण्यात ओढून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा कापायचा.

त्याचा सगळ्यात गाजलेला खोटा मासा काळाकुट्ट होता. नाव ठेवलं होतं म्जाने, म्हणजे विधवा. लाँच चालवणारा सुदी हा लालीच्या बायकोचा धाकटा भाऊ, जिभेला हाड नसलेला. तो म्हणायचा, "दाजी, विधवेच्या मागे नर लागतात हे ऐकलं होतं. पण म्जानेला तर सगळ्या माद्याच येतात."

"मार्लिनमध्ये मोठी असते ती मादीच, गाढवा," लाली म्हणायचा. "नर असतात तुझ्यासारखे. हातभर आणि नुसते बोलघेवडे."

म्जानेच्या डाव्या गालावर सुरी घसरल्याची एक बारीक खाच होती. लालीने ती घासून काढली नव्हती. त्याला वाटे, खाचेमुळेच ती जरा डावीकडे लचकते, आणि मासे त्या लचकण्यालाच भुलतात.

दरवर्षी उत्तरेचा वारा सुटला की केस्लर नावाचा एक जर्मन पाहुणा यायचा. साठी उलटलेला, दातांचा डॉक्टर, बोलायला गोड. मोडकीतोडकी स्वाहिली बोलायचा, लालीला मान देऊन म्झे म्हणायचा, येताना बर्केसाठी, म्हणजे लालीच्या बायकोसाठी, कापड आणायचा. म्जानेवर त्याचा जीव जडला होता. त्याला एकच ध्यास होता: बारीक दोऱ्यावर असा मार्लिन धरायचा की सगळ्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तसा कुणी धरला नसेल. विक्रमांच्या वहीत नाव लागलं पाहिजे. एकदा गप्पांच्या ओघात तोच म्हणाला होता, की विक्रमाचा अर्ज भरताना खोटा मासा कोणता आणि कुणी केला तेही लिहावं लागतं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर बर्केला लालीने ही गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा बर्के म्हणाली, "अहो, ऐकलं की मघाशीच." तरी त्याला तिसऱ्यांदा सांगावीशी वाटत होती.

आणि त्या डिसेंबरात तो मासा आला. सकाळचे साडेनऊ. म्जानेच्या मागे पाणी आधी जांभळं झालं, मग फुटलं, आणि चक्री किंचाळायला लागली. केस्लर पट्टे बांधून खुर्चीत बसला, सुदी पुढे सुकाणावर, लाली मागे, हात किकोईत. मादी होती, सव्वातीनशे किलोच्या वरची. पहिल्याच उडीत लालीने वजन ओळखलं. पहिला तास गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. उन्हाने लाकूड तापलं. केस्लरचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला होता. लाली त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता आणि मनात एकच घोकत होता, या अल्ला, ही सुटू देऊ नकोस, माझं नाव लागू दे.

चौथ्या तासाला मादी एकदम वळली आणि लाँचच्या खालून निघाली. काठी कडेवर आपटली, केस्लरची मान लटकली आणि हात चक्रीवरून खाली पडला. दोरा लाँचच्या काठावर घासत सुटला. अजून दोन श्वास आणि तुटला असता. लालीने हात कधी काढला हे त्यालाही कळलं नाही. त्याने दोरा मुठीत धरला, काठापासून उचलला, तळहात जाळत दाबला, आणि मादीचा वेग मोडला. सगळं मिळून जपमाळेचे दहा मणी ओढावेत एवढाच वेळ. केस्लरने डोळे उघडले, काठी सावरली. त्याची नजर लालीच्या मुठीवर गेली. लालीने मूठ सोडून हात पुन्हा किकोईत घातला. केस्लरने नजर वळवून चक्री फिरवायला घेतली. सुदी पुढे तोंड करून सुकाण फिरवत होता. त्याला मागचं काही दिसलं नव्हतं.

तासाभराने मासा आत आला. किनाऱ्यावर काट्याने तीनशे अडतीस किलो दाखवले तेव्हा अर्धं गाव तिथे जमलं होतं. बायका परातीच घेऊन आल्या होत्या, मटणासारखे वाटे झाले, घराघरांत नारळाच्या रसात मार्लिन शिजला. फोटो निघाला. पाटीवर नेहमीप्रमाणे केस्लर, वजन, लाँच, तारीख. पण लालीला त्याचं या वेळी काही वाटलं नाही. पाटी पुसली जाते, वही राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबाच्या सेक्रेटरीने दोघा खलाशांना बोलावलं. थॉर्नली त्यांचं नाव, म्हातारे, शिस्तीचे, चाळीस वर्षं या किनाऱ्यावर काढलेले. या लोकांना सहीचं काही वाटत नाही, शपथेचं वाटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते सही घ्यायच्या आधी तोंडी विचारत. सुदीने सांगितलं, मी सुकाणावर होतो, मला कुणी हात लावलेला दिसला नाही. ते खरंच होतं. मग लालीची पाळी आली.

"पाहुण्याखेरीज कुणी दोऱ्याला हात लावला?"

केस्लर खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. टेबलावर अर्ज पडला होता. लालीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याने बोट टेकवून विचारलं, खोटा मासा करणाऱ्याचं नाव कुठे येतं? थॉर्नलींनी एक मोकळी ओळ दाखवली. केस्लर वळून म्हणाला, "म्झे, तिथे तुझंच नाव लिहीन. आज संध्याकाळी सगळा अर्ज नीट बसून भरतो."

लालीने जळलेली मूठ आवळली. "कुणी नाही लावला."

"अल्लाची शपथ?"

"अल्लाची शपथ," लाली म्हणाला, आणि त्याने सही केली.

बाहेर आल्यावर ती शपथ त्याला टोचायला लागली. पण माणसाचं मन मोठं लबाड असतं. ते म्हणालं, तू मासा चोरलास का? कुणाचं काही लुबाडलंस का? दोरा धरलास तो बापाने शिकवलं म्हणून धरलास. त्यात पाप कसलं? पाप दोरा धरण्यात नव्हतंच, ते तोंडाने बोलण्यात होतं, हे लालीला कळत होतं. पण ती मोकळी ओळ डोळ्यांपुढून हलत नव्हती. पुढचे दोन महिने त्याने गावभर सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं, होडीच्या डागडुजीला बसलेल्यांना सांगितलं, मशिदीच्या पायरीवर जोडे घालता घालता सांगितलं, की आपलं नाव साता समुद्रापलीकडच्या वहीत लागतंय. जळलेल्या हाताबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचा, चुलीवर भाजला.

फेब्रुवारीत कागद आला. थॉर्नलींनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला. लाली सुदीला घेऊन गेला, वाच म्हणाला. सुदीने वाचलं: केस्लर, तीनशे अडतीस किलो, मकुंगुनी, केनिया. मग तो थांबला.

"वाच की पुढे."

"खोटा मासा: केस्लरची काळी राणी," सुदी म्हणाला. "खाली कुठल्यातरी कंपनीचं नाव आहे. तुमचं नाही, दाजी."

त्याच टपालाने लालीच्या नावाने एक खोका आला होता. आत सहा खोटे मासे, प्लास्टिकचे, चकचकीत काळे, एकेका डब्यात एकेक. डब्यावर केस्लरचा हसरा फोटो. सोबत चिठ्ठी: सोबत नेलेली म्जाने कंपनीच्या लोकांना फार आवडली, ते आता हजारांनी काढणार आहेत, त्यांच्या आग्रहामुळे अर्जात तेच नाव द्यावं लागलं, म्झेने रागावू नये, हे सहा नग खास म्झेसाठी भेट, बर्केला सलाम. लालीने एक नग हातात घेऊन फिरवला. डाव्या गालावर खाच होती. त्याची सुरी घसरली ती खाचसुद्धा मेल्यांनी साच्यात उतरवली होती! तेल गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

लाली तसाच थॉर्नलींच्या खोलीत गेला. राग डोक्यात असा भिनला होता की टोपी काढायचं, सलाम करायचं भान राहिलं नाही.

"साहेब, मी दोऱ्याला हात लावला होता. तो विक्रम खोटा आहे. उतरवा तो कागद."

थॉर्नलींनी चष्मा काढला. लालीने तळहात पुढे केला, व्रण दाखवला. ते म्हणाले, असे व्रण क्लबातल्या प्रत्येक खलाशाच्या हातावर आहेत. मग कपाटातून त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला.

"ही तुझी सही. तेव्हा खोटं बोललास, की आता बोलतोयस?"

"तेव्हा."

"शपथ घेऊन?"

"हो."

"का?"

"नाव लागेल म्हणून."

"आणि आता खरं बोलतोयस ते कशासाठी?" थॉर्नलींनी विचारलं. आवाज चढवला नाही. "कागदावर तुझं नाव असतं, तर आज आला असतास?"

खरं उत्तर एकच होतं आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. थॉर्नलींनी कागद परत कपाटात ठेवला. म्हणाले, विक्रम राहील; खोटं बोलल्याचं स्वतःच सांगणाऱ्याच्या शब्दावर मी दुसऱ्याचा मासा खोडू शकत नाही. आणि उद्यापासून तू पाहुण्यांच्या लाँचवर नको, लाली. तुझी साक्ष आता मला घेता येणार नाही.

चहा घेऊन आलेल्या वेटरने दारात सगळं ऐकलं. दुपारच्या नमाजापर्यंत गावाला कळलं. दोरा धरला याचं कुणालाच काही वाटलं नाही. दोरा कुणीही धरेल. पण अल्लाची शपथ घेऊन, साहेबापुढे, वहीतल्या नावासाठी! जो तो तोंडात बोटं घालत होता. लाली आला की टपरीवरची बोलणी हळू व्हायची. त्याने जुनी होडी डांबर लावून पाण्यात घातली आणि बापासारखा हातदोऱ्याने मासे धरायला लागला. एकटाच जायचा. खोटे मासे करणं त्याने सोडून दिलं.

मार्चच्या सुरुवातीला शाबान महिन्याची एकोणतीस तारीख आली. चंद्र दिसला तर उद्यापासून रमजान, नाहीतर आणखी एक दिवस थांबायचं. मकुंगुनीत किनाऱ्यावरून मावळतीला नारळीची झाडं आड येतात, कोवळी कोर दिसत नाही. म्हणून गाव वर्षानुवर्षं समुद्रावरच्या माणसाच्या शब्दावर चाले, आणि गेली अकरा वर्षं तो शब्द लालीचा होता. रोज्याचा महिना सुरू व्हायला एका भल्या माणसाची साक्ष पुरते. लाली पाण्यातून वर यायचा, "दिसला" म्हणायचा, आणि मशिदीचे इमाम मालिम अवी तिथल्या तिथे मुलांना हाळी द्यायला पाठवायचे.

त्या संध्याकाळी लाली परतत होता. सूर्य बुडाला आणि झाडांच्या शेंड्यांवर कोर दिसली. नखाच्या कडेएवढी, पण स्वच्छ. त्याने वल्हं थांबवून ती नीट पाहिली, दुवा म्हटली. थोड्या वेळाने ढग आले. होडी ओढून तो मशिदीपाशी गेला तेव्हा पंचवीस-तीस माणसं वाट बघत उभी होती. रेडिओवर कुठलीच खबर नव्हती.

"चंद्र दिसला," लाली म्हणाला.

कुणी हाळी द्यायला पळालं नाही. मालिम अवींनी दाढीवरून हात फिरवला. ते लालीच्याच वयाचे, त्याच्या मुलींचे निकाह त्यांनीच लावलेले. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "आणखी कुणी पाहिला?"

"मी एकटाच होतो."

"मग घरी जा, लाली," ते म्हणाले. "उद्याचा दिवस आम्ही शाबानचाच धरू."

"मालिम, मी डोळ्यांनी पाहिलाय."

"पाहिला असशील. ज्याने पाहिला त्याला रोजा पाळावाच लागतो. तू पाळ. गावाला मी सांगू शकत नाही."

तेवढं बोलून ते आत गेले, आणि मागोमाग माणसंही पांगली. सुदी तेवढा थांबला होता. तो काही बोलेल असं लालीला वाटलं, पण त्यानेही जोडे उचलले आणि तो दुसऱ्या वाटेने गेला.

सकाळी लाली उपाशीच ओट्यावर बसला होता. गावात चुली पेटल्या होत्या, शेजारी महाम्रीचे गोड वडे तळण्याचा वास सुटला होता, पोरं खात खात शाळेला चालली होती. सगळ्या मकुंगुनीत रोजा त्या एकट्याचा होता. बर्केने आत चहा ठेवला. सवयीने तिने दोन कप काढले, मग दारात येऊन उभी राहिली. पस्तीस वर्षांचा संसार. नवऱ्याच्या शब्दावर तिने कधी शंका घेतली नव्हती.

"एक विचारू? रागावू नका," ती म्हणाली. "खरंच दिसला होता का?"

"दिसला होता," लाली म्हणाला.

बर्के आत गेली, एक कप फडताळावर परत ठेवला, आणि दुसऱ्यात स्वतःसाठी चहा ओतून घेतला.